सोवळ्यातली बियर

शनिवारी सकाळी बर्व्याचा फोन येतो, "आज बियर लावतोय, ये." आपण आनंदानं जातो. चूक तिथेच होते. बियर करणाऱ्याच्या घरी त्या दिवशी बियर मिळत नाही. मिळतं ते काम, आणि तेही लांब उभं राहून.

बर्वे सिएटलजवळ राहतो. इतके दिवस डब्यातला तयार माल्टचा पाक उकळून भागवायचा. मग त्याला ते पाकिटातल्या इडलीसारखं वाटायला लागलं आणि त्यानं थेट धान्यापासून आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, करायला घेतली. गॅरेजमधली गाडी बाहेर, पिकनिकचा आइसबॉक्स आत. त्यात 67 अंशांच्या पाण्यात साडेपाच किलो भरडलेलं मोडाचं जव. मी उंबऱ्यावरच होतो.

"हात लावू नकोस!"

मी लावलाच नव्हता.

चिपळूणच्या घरी आईच्या सोवळ्याची यथेच्छ टिंगल केलेला हा माणूस. आता बादलीत फेसाळ जंतुनाशक आणि त्यात नळ्या, झाकणं, थर्मामीटर. वास्तविक पुढे तासभर रटरटायचंच असतं, त्यात जंतू कशाला उरतात? जपायचं ते रस निवल्यावर. हे मला बर्व्यानंच सांगितलं; सांगताना तो उलथनं तिसऱ्यांदा बुचकळत होता.

तासाभरानं तोटी उघडली, तर थेंब थेंब. भरड फार बारीक झालेली. आत म्हशीपुढे ठेवावं तसं आंबोण घट्ट बसलेलं.

"नळीत फुंकर मारू का?"

"तोंडही लावू नकोस!"

वहिनी पाना शोधायला आल्या. "हात ला—" "गॅरेज माझंही आहे," म्हणाल्या आणि पाना घेऊन गेल्या. कार्टरसाहेबांनी 1978 साली सही केलेल्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन बियर करायची मुभा आहे. वहिनी पीत नाहीत, पण त्यांचे शंभर धरलेले आहेत. एका खेपेला पाच गॅलन, म्हणजे चाळीस शनिवार. हे गणित त्यांनी अजून मांडलेलं नाही.

मग उकळी, आणि उकळीत याकिमाकडचे हॉप्स: आधीचे कडूपणासाठी, शेवटचे वासासाठी. हिंदुस्थानपर्यंतच्या बोटीच्या प्रवासात, उन्हाळ्यात बियर टिकावी म्हणून इंग्रज त्यात हॉप्स जास्त घालत, हे व्याख्यान मी दोनदा ऐकलं. "म्हणजे लोणच्यात मीठ घालतात तसं," मी म्हणालो.

बर्वे एकदम गप्प झाला.

मग म्हणाला, "सातवीत असताना मी बरणीत ओला चमचा घातला होता. चोरून. वर्षाचं लोणचं बुरसलं. आईला कळलं होतं रे कोणी घातला ते. एका शब्दानं बोलली नाही."

एवढं बोलून त्यानं स्वच्छ चमचा पुन्हा बादलीत टाकला.

महिन्यानं पहिली बाटली फोडली. पपनसाची साल सोलल्यासारखा वास, चव कारल्याच्या थोडी अलीकडची. खरं सांगतो, छान होती. फेस मात्र ग्लासाबाहेर आला, आणि मी नकळत तो बोटानं निपटून चाटला, आणि तेच बोट पुन्हा ग्लासाच्या काठावरून फिरवलं. ग्लास बर्व्याचा होता.

बर्व्यानं बोटाकडे पाहिलं. काही बोलला नाही.