वाचले, सही केली

शासनाचे नवे धोरण कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवायचे साधन म्हणजे परिपत्रक, आणि ते पोहोचल्याचा पुरावा म्हणजे त्याखालची सही. या दोहोंच्या मधे वाचनही असते, असा एक समज आहे.

मालवणकडे शिपाई कागद घेऊन टेबलाटेबलावर फिरतो. एखादा नवखा लिपिक चष्मा लावून खरेच वाचू लागला, की शिपाई म्हणतो, “भाऊसाहेब, वाचतास कित्याक? सही करा. रावसाहेब वाट बघतत.”

८ डिसेंबर २०२० चा पोशाखाचा आदेश असाच फिरला. जीन्स नको, टी-शर्ट नको, शुक्रवारी खादी आणि पायात स्लीपर तर नाहीच. मंत्रालयातून हे रास्तच दिसते. पण जुलैत एसटीतून उतरून लाल चिखल तुडवत जो ओरोसच्या कचेरीत पोहोचतो, त्याचे बूट दिवसभर पंख्याखाली वाळत असतात आणि पाय टेबलाआड रबरी स्लीपरमध्ये. आदेशाचा भंग कुठे? बूट कार्यालयात हजर आहेत.

पुढे २ ऑक्टोबर २०२२ पासून फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायचे ठरले. सूचना उत्तम. फक्त फोन उचलावा, असे त्यात म्हटले नव्हते.

अपवाद एकच. २९ फेब्रुवारी २०२० पासूनच्या पाच दिवसांच्या आठवड्याचा निर्णय सगळ्यांनी सहीआधीच पाठ केला. त्यातले ‘सायंकाळी सव्वासहापर्यंत’ एवढे दोन शब्द तेवढे वाचायचे राहून गेलेत.