डोळे मिचकावा, पेन्शन मिळवा

नोव्हेंबर उजाडला की घराघरांत एखादे आजोबा भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि फोनकडे बघून डोळे मिचकावतात. प्रकार वाटतो तसला नाही. ते हयात असल्याचं सिद्ध करत असतात. उभ्या नोकरीत त्यांनी कधी कुणाकडे बघून डोळा मारला नाही, निरोप समारंभाच्या फोटोतसुद्धा हसले नाहीत. आता सत्तरीत फोन म्हणतो, मिचकावा. आजोबा भिडेखातर एकच डोळा मिचकावतात. फोनला दोन्ही हवे असतात.

पूर्वी हे काम बँकेत व्हायचं. काउंटरवरचा माणूस मान वर करून बघायचा, ‘काय काका, बरंय ना?’ विचारायचा आणि दोऱ्याला बांधलेलं पेन पुढे सरकवायचा. यादीत नावासमोर सही केली की काका पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत. ही सोय अजून पुरती बंद झालेली नाही, पण घरातल्या तरुणांसमोर तिचं नाव काढायचं नसतं. ‘कुठल्या जमान्यात आहात बाबा?’ असं ऐकावं लागतं.

2014 च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही हयातीच्या दाखल्याची सरकारी सोय आली आणि हयात डिजिटल झाली. आधी बोटाचा ठसा होता. वय झालं की कातडी कोरडी पडते, बोटावरच्या रेषा पुसट होतात. जन्मभर राखेनं भांडी घासलेल्या किंवा विटा वाहिलेल्या हातांचं तर विचारूच नका. बोट ठेवा, पुसा, कपाळावर घासा, दुसरं ठेवा. ज्यांनी सगळ्यांत जास्त खस्ता खाल्ल्या, त्यांचीच हयात यंत्राला आधी पटेनाशी झाली. म्हणून 2021 च्या नोव्हेंबरात चेहऱ्याची सोय आली. चेहरा झिजत नाही असा समज असावा.

मिचकावण्यामागे शास्त्र आहे, हे मान्य. नुसता चेहरा बघून फोनला कळत नाही की समोर माणूस आहे की माणसाचा फोटो. फोटो पापणी लववत नाही, म्हणून पापणी लववून दाखवायची. इथवर ठीक. पण चष्म्याच्या काचेवर ट्यूबलाइट चमकते, चेहरा नीट येत नाही, म्हणून घरचे सांगतात, चष्मा काढा. आजोबा काढतात. चष्मा काढला की ‘मिचकावा’ ही सूचना दिसेनाशी होते, कारण ती मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत असते. ती वाचायला चष्मा लावावा, तर चेहरा जातो. चेहरा राखावा, तर सूचना जाते. मग आजोबा अंदाजानं मिचकावत राहतात, न सांगता, सलग, नेमकं थांबायचं तेव्हाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झालेला असेल, तर डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हणून बजावलेलं असतं. मध्येच फोन म्हणतो, उजेड कमी आहे. आजोबांना खिडकीपाशी नेतात. तिथे ऊन तोंडावर येतं आणि डोळे मुळात उघडतच नाहीत. मागे साधी भिंत हवी म्हणावं, तर दोन खोल्यांच्या घरात साधी भिंत आणायची कुठून? एकीवर देवघर, दुसरीवर कपाट, तिसरीवर हार घातलेले आजोबांचे वडील. शेवटी वडिलांसमोरच उभं राहायचं ठरतं. फोनवरचं वर्तुळ क्षणभर वडिलांवर घुटमळतं. त्यांची सरकारी नोकरी आजोबांपेक्षा वरच्या हुद्द्याची होती. पण त्यांना मिचकावता येत नाही.

या कामाला दोन अ‍ॅप लागतात. त्यांपैकी चेहरा ओळखणारं अ‍ॅप फोनमध्ये उतरवलं तरी स्क्रीनवर त्याचं चिन्ह दिसत नाही. ते पडद्याआड राहून काम करतं. आजोबांना वाटतं उतरलंच नाही, आणि ते शोधत बसतात. मग ‘ऑपरेटर’ची नोंद. दाखला काढून देणाऱ्याने आधी आपला आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल आणि चेहरा द्यायचा. पेन्शनर स्वतःही स्वतःचा ऑपरेटर होऊ शकतो. म्हणजे आजोबांनी एकदा ऑपरेटर म्हणून मिचकावायचं, मग पेन्शनर म्हणून मिचकावायचं आणि पहिल्या आजोबांनी दुसऱ्या आजोबांच्या हयातीची खात्री करायची. सहीच्या जमान्यात एवढी चौकस नोकरशाही नव्हती.

आता मुलाबद्दल. हा मुलगा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो म्हणतो, ‘सोप्पंय बाबा, द्या इकडे.’ फोन हातातून जातो, अंगठे भराभरा फिरतात, ‘हे ओके, हे अलाव, हे स्किप, झालं’, आणि फोन परत. काय झालं? झालं. कुठे दाबलं? ते महत्त्वाचं नाही. पुढच्या वर्षी काय करायचं? पुढच्या वर्षी बघू. याच मुलाला याच बाबांनी पाढे शिकवले, सायकलचं कॅरियर धरून मैदानाला फेऱ्या मारल्या, लघुतम साधारण विभाज्य एकाच संध्याकाळी पुन्हा पुन्हा समजावला. तेव्हा कुणी पेन्सिल हिसकावून ‘दे इकडे’ म्हटलं नव्हतं. आणि बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं की हा सुस्कारा सोडतो! माणूस म्हातारा होतो तो त्या सुस्काऱ्याने, गुडघेदुखीने नाही. ज्यांच्या घरात असा सुस्कारणारासुद्धा नाही, त्यांनी काय करायचं? मुलगा न्यू जर्सीला, फोनचा नंबर त्याने घेऊन दिलेला, ओटीपी येतो तेव्हा तिकडे मध्यरात्र. हा हयातीचा दाखला कसला, घरात हाताशी कुणीतरी तरुण असल्याचा दाखला आहे. आणि कशासाठी? खासगी नोकरीत हाडं झिजवलेल्यांची किमान पेन्शन 2014 साली महिना 1000 रुपये ठरली. हजार रुपयांचं माप घालताना डोळ्यांवर पट्टी, आणि ते हजार घेणाऱ्याची मात्र पापणीन्‌पापणी मोजून घ्यायची!

या सगळ्यात आजोबांशी शांतपणे, न सुस्कारता बोलणारा माणूस एकच, तो म्हणजे फोनवरचा भामटा. ‘नमस्कार सर, आपला हयातीचा दाखला बाकी आहे, मी मदत करतो.’ तो घाई करत नाही. चष्मा शोधायला वेळ देतो. एकेक आकडा दोनदा विचारतो. पीपीओ, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, क्रमांक घेतो, आधार घेतो आणि शेवटी नम्रपणे ओटीपी मागतो. खरा मेसेज आणि त्याचा मेसेज शेजारी ठेवले, तर शुद्धलेखन त्याचं बरं असतं. पेन्शन देणाऱ्या कार्यालयांकडून असा फोन येत नाही, हे वारंवार सांगितलं जातं. खरंच आहे. तिथून फोन येत नाही, हा अनुभव आजोबांना जुना आहे.

पर्याय आहेत म्हणे. पोस्टमन 70 रुपये घेऊन घरी येऊन दाखला काढून देतो. तो फोन हिसकावतही नाही. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरच्या पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. सरावाला महिनाभर जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

अखेर वर्तुळ हिरवं होतं, मेसेज येतो, घरात पेढा निघतो. पेढा लवकर निघतो. कारण मेसेज दाखला तयार झाल्याचा असतो, मंजूर झाल्याचा नसतो. मंजूर की नामंजूर ते पेन्शन देणारं कार्यालय नंतर ठरवतं. नामंजूर झालाच, तर कधीकधी पीपीओ क्रमांकातला एखादा आकडा चुकलेला निघतो. चुकतो, कारण तो टाकायच्या वेळी चष्मा काढून ठेवलेला असतो.