विमानाचा बोल्ट: नवशिक्यांसाठी पहिला धडा

सर्वप्रथम दोन्ही हात खिशात घाला. विमानाजवळ नवशिक्याला हमखास बिनचूक जमणारे काम हेच.

आता ओळख. अमेरिकी एएन मालिकेतला ‘एएन ४-१२’ घ्या. ४ ही जाडी, इंचाच्या सोळाव्या भागांत मोजलेली. म्हणजे पाव इंच, आपल्या फिटरच्या हिशेबात दोन सूत. मग लांबीचे १२ म्हणजे बारा सूत? मुळीच नाही. पहिला आकडा इंचांचा, दुसरा सुतांचा: एक इंच दोन सूत! आठ सुतांचा इंच होतो. त्यामुळे ७ नंतर थेट १० येतो. ८ आणि ९ जन्मालाच आलेले नाहीत. स्टोअरमध्ये ‘एएन ४-८’ मागितलात, तर स्टोअरवाला आधी तुमच्याकडे आणि मग तुमच्या उस्तादाकडे बघेल. नंबराच्या शेवटी ‘ए’ असेल, तर दांड्याला कॉटर पिनचे भोक नाही. ‘ए’ नसेल, तर आहे. का, ते विचारू नये.

घरी आपण ‘अजून अर्धा पीळ’ देतो. इथे पीळसुद्धा मोजून द्यायचा, टॉर्क पान्याने. जादा आवळलेला बोल्ट ताणला जातो आणि बाहेरून मात्र छान दिसतो. आट्यांवर आडवा भार येऊ द्यायचा नाही, तो दांड्याच्या गुळगुळीत भागाने घ्यायचा. किंचित लांबी जुळत नसेल तर वायसर घाला. बिचाऱ्याला कुणी विचारत नाही, पण नेमकी जागा तोच भरतो.

आता बोल्ट नजरेने जुळवण्याची पद्धत. रात्रपाळी निवडावी. उजेड बेताचा असावा. काढलेला जुना बोल्ट हाती धरून कप्प्यातल्या बोल्टांशी ताडावा. स्टोअरवाला योग्य नंबर सांगू लागला, तर त्याच्यापेक्षा जुन्या बोल्टवर विश्वास ठेवावा. चष्मा लावू नये.

ही पद्धत १९९० च्या जूनमध्ये बर्मिंगहॅमला वापरून झाली आहे. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हनची पुढची काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले. किती बारीक? ०.०२६ इंच, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. दोन्ही मापांचे आटे इंचाला ३२च, म्हणून बारीक बोल्ट नटात जातो, फिरतो, आवळल्यासारखा वाटतोही. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण आखूड होते. ज्यांच्याशी ताडले, ते जुने बोल्टही मुळात आखूडच! १० जूनला सुमारे १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत विमानाबाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला विमान उतरवले. कॅप्टनसह सगळे वाचले, यात बोल्टचे काही श्रेय नाही.

तेव्हा हात खिशातून काढायचे ते भागांची पुस्तिका उघडायला. नंबर तिथे छापलेला असतो. चष्मा असेल तर लावा.