जोधपूरहून गॉथम, विनातिकीट

क्रिस्टोफर नोलनच्या बॅटमॅन-त्रयीचा शेवटचा भाग, ‘द डार्क नाइट राइझेस’ (२०१२), वाईट म्हणवत नाही. चांगला म्हणायला जीभ रेटत नाही. सुरुवातीच्या विमानहरणाला तोड नाही. अ‍ॅन हॅथवेची सेलिना बॅटमॅनला सहज खिशात घालते. मायकेल केनचा आल्फ्रेड रडला की आपलेही डोळे पाणावतात.

पण ते वैद्यकशास्त्र! खलनायक बेन गुडघ्यावर आपटून बॅटमॅनची पाठ मोडतो. मग त्याला विहिरीसारख्या तुरुंगात टाकतो. तिथे एक कैदी त्याच्या सरकलेल्या मणक्यावर ठोसा हाणतो, दोराला लटकवतो, की झालं. स्वारी जोर मारायला मोकळी. आपले हाडवैद्य निदान तेल तरी लावतात. मग हा वर येतो (ते दृश्य जोधपूरच्या मेहरानगडाजवळ चित्रित झालंय). खिशात छदाम नाही, पासपोर्ट नाही, त्याच्या गॉथम शहराचे एक सोडून सगळे पूल उडवलेले. तरी गडी वेळेवर हजर! कसा, ते नोलनसाहेबांना विचारायचं नाही. तिकडे महिनोन्‌महिने भुयारात अडकलेले पोलीस बाहेर पडतात, तेही बहुतेक दाढी घोटून.

मुखवट्याआडून बेन काय बोलतो ते मात्र अर्धं कळत नाही. क्रांतीचंच भाषण असल्यामुळे फारसं अडलं नाही.