परसदारचा ओटा आणि साहेबांचा चेंडू

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबा,

पत्रास कारण की, परसदारचा डेक एकदाचा उभा राहिला. "चार खांब आणि वर फळ्या, त्याला एवढा वेळ?" असं बाबा दर रविवारी फोनवर विचारत होते. आता बैजवार सांगतो.

बाबा, दादरा-नगर हवेलीतल्या आपल्या आमलीत तुम्ही मिस्त्रींना निरोप धाडलात आणि मृगाआधी पत्र्याची पडवी उभी केलीत. इथे १९७७ पासून अख्ख्या राज्याला एकच बांधकाम संहिता आहे आणि तिच्या तावडीतून लाकडी ओटासुद्धा सुटत नाही. आधी झोनिंगचा अर्ज, म्हणजे ओटा कुंपणापासून किती लांब ते दाखवायचं. तो पास झाला की बांधकामाचा अर्ज. राहत्या घराचा नकाशा मालकाने स्वतः काढला तरी चालतो, हे कळताच तुमच्या सूनबाईंनी चौकटीच्या कागदावर तो रेखला. रांगोळीचा हात, त्यामुळे रेघ कशी सुतात! तुळस कुठे ठेवणार तेही दाखवलं होतं. बांधकाम खात्याच्या साहेबांनी तुळशीकडे ढुंकून पाहिलं नाही. विचारलं एवढंच, "पाया किती खोल?"

तर तीन फूट! तुम्ही म्हणाल, विहीर खणताय की काय. पण हिवाळ्यात जमीन गोठते, मातीतलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि उथळ पायावरचा खांब वर ढकलतं. आपल्याकडे पाऊस वरून येऊन घर भिजवतो, इथे थंडी खालून येऊन घर उचलते.

बरं, खड्डा मनात आला की खणला असंही नाही. किमान तीन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करायचा. मग माणसं येऊन जमिनीखाली काय काय आहे त्याच्या खुणा करून जातात. विजेला लाल, गॅसला पिवळा, केबलला नारिंगी, पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा. अंगणभर रंगीत झेंड्या बघून तुमच्या नातीला वाटलं, वाढदिवसच आहे. शेजारचे गुजराती काका कुंपणावरून म्हणाले, "शुं छे, उद्घाटन?" एकदम वापीच्या फलाटावर उभं असल्यासारखं वाटलं.

खड्डे झाले, पण काँक्रीट ओतायचं नाही. आधी तपासणी. साहेब आले, टेप खड्ड्यात सोडली, मान हलवली, सही केली. चहा पुढे केला, नको म्हणाले. चिवडा दिला, नको म्हणाले. आई, त्या माणसाने काहीही खाल्लं नाही, दोन्ही अर्थांनी. पुढच्या खेपेला ओट्याची तुळई घराच्या भिंतीला नुसत्या खिळ्यांवर टांगली नाही ना, बोल्ट मारलेत ना, ते वाकून पाहिलं. शेवटी कठड्याची पाळी. दोन गजांमधून चार इंची चेंडू आरपार जाता कामा नये, कारण तिथून लहान मुलाचं डोकं जाऊ शकतं. साहेबांनी चेंडू लावून पाहिला. नात म्हणाली, "आता माझी बॅटिंग." साहेब पहिल्यांदाच हसले.

सगळ्यालाच परवानगी लागते असं मात्र समजू नका. रंगाला लागत नाही. आणि २०१८ पासून साध्या राहत्या घराचं छप्पर नव्याने घालायलाही लागत नाही. छप्पर मोकळं आणि ओटा कैदेत! पण ओट्याचे कागद टाळावेत तर घर विकताना तेच मानगुटीवर बसतात.

आता तुम्ही तिकडे बांधताय त्या वरच्या खोलीचं. बिनशेतीपासून बांधकाम परवानगीपर्यंत सगळे कागद झाले, हे वाचून बरं वाटलं. पोर्तुगीज तिथून १९५४ साली गेले, पण अर्जाला अर्ज जोडायची हौस मागे ठेवून गेले, हे तुमचं म्हणणं मान्य. पण बाबा, कागद कपाटात असतो आणि सळई स्लॅबमध्ये. आमलीत तपासनिसांची वाण नाही. पानाच्या टपरीवरून उठून येणारा प्रत्येक जण "सळई बारीक वाटते हो" म्हणून जातो. सल्ला सगळे देतात, सही कोणीच करत नाही. इथल्या पद्धतीत मला पटली ती एवढीच गोष्ट: जे झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी कोणीतरी बघतो आणि खाली आपलं नाव लिहितो.

म्हणून एक करा. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी इंजिनिअरला वर चढवा, सळया मोजायला लावा आणि त्याची सही घ्या. सळयांचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा. मिस्त्री नाक मुरडतील, तेव्हा खुशाल माझं नाव पुढे करा: "अमेरिकेतला पोरगा डोकं खातो." स्लॅबच्या दिवशी माणसांना जिलबी द्यालच, पण ती सही झाल्यावर.

आईच्या गुडघ्यांना तेल लावता ना? वरच्या खोलीच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, हे मी नाही, सूनबाई सांगताहेत. आणि त्यांच्या तपासणीत मीसुद्धा अजून पास झालेलो नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमचा धाकटा