चौचाकी शास्त्रीबुवा

आषाढात पौडच्या पुढे, मुळशीकडे जाणाऱ्या एखाद्या कच्च्या वाटेवर, पिकअप गाडीचा फोर बाय फोर लागेनासा होऊन मागची चाके चिखलात जागच्या जागी फिरू लागली, म्हणजे जो गृहस्थ छत्री मिटून, चष्मा पुसून आणि कोणी बोलावलेले नसताना गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसतो, त्याला आम्ही चौचाकी शास्त्रीबुवा म्हणतो.

त्याची उत्पत्ती पुण्याखेरीज अन्यत्र होणे कठीण. एका बाजूला पिंपरी-आकुर्डीचे कारखाने, दुसऱ्या बाजूला खडकीचा लष्करी सरंजाम, मध्ये नाना पेठेतील सुट्या भागांची बाजारपेठ आणि या सर्वांवर वेताळ टेकडीवरून नजर ठेवणारी, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, इतकी सामग्री एका शहरात एकवटल्यावर तिच्यातून निवृत्त होणारी माणसे स्वस्थ बसतील, ही अपेक्षाच अवाजवी होय. शास्त्रीबुवांचे आद्य अध्ययन लष्करी डिस्पोजलच्या विलिस जीपवर झालेले असते. त्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे असत, एक पुढचा अॅक्सल जोडण्याचा आणि दुसरा लो रेंजचा. दांडा ओढला की लागला, न लागला तर पुन्हा ओढला, असा तो सरळ कारभार. पुढे व्हॅक्यूमने जोडले जाणारे हब आले. मग डॅशबोर्डावरचे बटण फिरवताच विजेच्या मोटरने पालटणारी ट्रान्सफर केस आली. २०१६ पासून आंध्रातील श्री सिटीत तयार होऊ लागलेल्या इसुझूच्या व्ही-क्रॉसने तर तो थाट शहरी गृहस्थांच्या दारात आणून उभा केला. या स्थित्यंतराने शास्त्रीबुवांची प्रतिष्ठा वाढली, कारण दांड्यातला दोष हाताला कळतो, बटणातला दोष मात्र अधिकारी पुरुषाच्या मुखातूनच ऐकावा लागतो. त्यांची स्वतःची गाडी छोटी, पुढच्या दोन चाकांवर चालणारी आणि सदैव पुसलेली असते. ती ते डांबरी रस्त्यावरच उभी करून येतात.

परवा त्यांच्या तावडीत कोथरूडचे एक दंतवैद्य सापडले. भाताची रोपे भरलेली पिकअप बांधाशी रुतलेली. (गाडी कोणत्या कंपनीची, हे सांगणे शिष्टाचारास धरून होणार नाही.) शास्त्रीबुवांनी कशालाही हात न लावता प्रथम कैफियत मागवली.

"डॉक्टर, गाडी थांबवून लावलंत की चालतीवर?"

"चालतीवर. बटणच तर फिरवायचं!"

"हाय चालतीवर लागतो. लोला गाडी उभी पाहिजे, गिअर न्यूट्रलला पाहिजे, क्लच पूर्ण दाबलेला पाहिजे. दिवा काय करतोय?"

"लुकलुकतोय."

"म्हणजे हुकूम सुटलाय, तामील झालेला नाही. टायर चारही एकाच मापाचे? बरं. याआधी कधी लावला होता?"

"उन्हाळ्यात. प्रभात रोडवर. मेहुण्यांना दाखवायला."

येथे शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या दप्तरी याहून गंभीर अपराधाची नोंद नाही. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा फेरा घेतात. अशा गाड्यांत पुढचा-मागचा अॅक्सल जोडला गेला की मध्ये तडजोड करणारा डिफरन्शियल नसतो. चिखलात चाक घसरून तो हिशेब चुकता होतो, पण कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही आणि सारा ताण यंत्रणेत साठून गिअर जो अडकतो तो गाडी थोडी सरळ मागे घेतल्याखेरीज सुटत नाही. हे सर्व त्यांनी पावसात उभे राहून, पुणेकराला शोभेल अशा निर्विकार स्वरात, सविस्तर सांगितले. डॉक्टर भिजत होते. रोपेही भिजत होती, पण त्यांची तक्रार नव्हती.

मग पंचनामा. गोणपाट अंथरून शास्त्रीबुवा बाजूने आडवे झाले आणि ड्रायव्हरला त्यांनी हलकेच अॅक्सलरेटर द्यायला सांगितले. पाहायचे एवढेच होते की, मागची चाके फिरत असता पुढच्या अॅक्सलकडे जाणारा शाफ्ट फिरतो की नाही. तो निश्चल असेल तर दोष ट्रान्सफर केसमध्ये, तिच्या मोटरमध्ये किंवा फ्यूजमध्ये. तो फिरत असूनही चाके स्तब्ध असतील, तर ट्रान्सफर केस निर्दोष आणि गुन्हेगार तिच्या पलीकडे, अॅक्सलच्या जोडात किंवा हबमध्ये. "फिरतोय!" असा त्यांनी जो पुकारा केला, त्यात आर्किमिडीजचा आनंद होता.

नेमक्या याच क्षणी शेजारच्या वावरातला एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला आणि साखळी अडकवून त्याने गाडी बांधावर ओढून ठेवली. दुसऱ्या कोणी आभार मानले असते. शास्त्रीबुवा संतापले. तपास चालू असता मुद्देमाल जागेवरून हलवण्याचा अधिकार या मनुष्यास कोणी दिला, असा त्यांचा सवाल होता, त्याला शेतकऱ्याने "काका, गाडी निघाली न्हवं?" एवढाच खुलासा दिला, आणि तो त्यांनी फेटाळला. डॉक्टरांना वाटले, मामला निकालात निघाला. ते शास्त्रीबुवांना ओळखत नव्हते. गाडीमागोमाग शेतघरापर्यंत पायी जाऊन, बॉनेट उघडवून, ते टॉर्चच्या उजेडात व्हॅक्यूमच्या पाइपावरून बोट फिरवत राहिले, आणि एका वळणाशी बोट थांबले. पाइप उंदराने कुरतडला होता. हवा आत शिरत होती, जोड ओढला जात नव्हता आणि म्हणून दिवा लुकलुकत होता. नाना पेठेतून दीड वीत रबरी पाइप आणला की काम भागणार होते.

शास्त्रीबुवांविषयी आमचे गाऱ्हाणे एवढेच, की ते बरोबर असतात. अर्धवट जाणकाराची थट्टा करता येते, पण ज्याचा निदानक्रम निर्दोष आहे आणि ज्याला फक्त माणसे भिजत असल्याचे दिसत नाही, त्याच्यापुढे गृहस्थ निरुपाय होतो. यंत्र वापरावाचून बसते, पाइप वाळून तडकतो, आतला काटा गंजून चिकटतो, म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून थोडे अंतर सरळ चालवावे, हा त्यांनी निघताना दिलेला सल्लाही दुर्दैवाने सर्वस्वी योग्यच होता.

तेव्हा वाचकहो, यंदा पावसाळ्यात मुळशीकडे जाणार असाल, तर निघण्यापूर्वी तेवढे करा. आणि टायरांचे माप पाठ करून ठेवा. ते विचारले जाईल.