नऊ इंचात कोनाडा

आमच्या होऊ घातलेल्या घराचं जे थ्रीडी चित्र आर्किटेक्टनं मोबाइलवर पाठवलं, त्यात आमच्यापैकी कोणीच नव्हतं. पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर एक गोरीपान बाई पाय मुडपून बसली होती, केस मोकळे. शेजारी दाढी कोरलेला पुरुष, मांडीवर लॅपटॉप. समोर टीपॉयवर काचेच्या बाउलमध्ये हिरवी सफरचंदं. आईनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि विचारलं, "ही बाई कोण रं? आन् तिन्हीसांजंला केस सोडून का बसली?"

बायकोची शंका वेगळी होती. "हा पांढरा सोफा धुणार कोण?" मुलगी म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं सफरचंदं कुणी दवाखान्यात असलं तरच आणतात."

मला मात्र चित्र मनापासून आवडलं होतं. लॅपटॉपवाला पुरुष मीच, असं मी पाहताक्षणी धरून चाललो होतो. केसांचा आणि पोटाचा तपशील वगळला तर बसण्याची ढब अगदी माझी. शिवाय त्याच्यामागं भिंतभर पुस्तकं होती. ती रंगांप्रमाणं लावलेली होती, निळ्यांत निळी, पिवळ्यांत पिवळी. म्हणजे कुणी उघडलेली नव्हती हे उघड होतं. इथं तर साम्य फारच वाढलं.

पहिल्याच भेटीत त्या तरुण आर्किटेक्टनं मला विचारलं होतं, "सर, तुमची लाइफस्टाइल काय आहे?" उमरग्यात आजवर मला कुणी हे विचारलं नव्हतं. इथं विचारतात ते "मूळ गाव कोणतं?", "शेत किती?" आणि "हायवेला प्लॉट घेऊन ठेवलाव का?" एका हाताला सोलापूर, दुसऱ्या हाताला हैदराबाद, मधे ढाबे, टायरची दुकानं आणि तुरीची रानं, अशा गावात लाइफस्टाइल विचारणारा भेटला म्हणून मी गहिवरलो. "वाचन, लेखन, चिंतन," मी म्हणालो. त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि नकाशात दहा बाय दहाची 'स्टडी' काढली. घरात आणखी तीन माणसं आहेत, त्यांनाही लाइफस्टाइल असू शकते, हे ना त्याला सुचलं, ना मी सुचवलं.

नकाशा फ्रिजवर चिकटवला होता. हळूहळू त्यावर बॉलपेनच्या नोंदी उगवू लागल्या. माझ्या चिंतनाच्या जागी आधी 'ज्वारी' आली, मग 'डाळी', मग 'सतरंज्या, पाहुण्यांच्या गाद्या'. शेवटी लाल पेननं, खाली दोन रेघा मारून, 'महालक्ष्म्या'.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या खड्यांच्या नसतात की तेरड्याच्या नसतात. मुखवटे, हात आणि धडाच्या जागी पत्र्याच्या उंच कोठ्या. भाद्रपदात तीन दिवस त्या ज्येष्ठा-कनिष्ठा भारीतल्या साड्या नेसून, दागिने घालून, हॉलमध्ये उभ्या राहतात. पण बाकीचं वर्षभर त्या कोठ्यांनी कुठं राहायचं? आर्किटेक्ट म्हणाला, "मॅडम, टेरेसवर एक स्टोअर काढून देतो." त्यावर बायकोनं त्याला शांतपणे विचारलं, "माहेराला आलेल्या लेकींना तुम्ही गच्चीवर ठेवता का?" शिवाय हॉलमध्ये त्या जिथं उभ्या राहायच्या, नेमकी तीच भिंत त्यानं पंचावन्न इंची टीव्हीला देऊन टाकली होती. त्या बैठकीत लॅपटॉपवाला पुरुष एक शब्द बोलला नाही.

मॉड्युलर किचनचंही तेच. ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये चमचे आडवे झोपतात, काटे शेजारी झोपतात. पण वेळ अमावास्येच्या भज्जीचं पातेलं आणि आंबिलाचं मडकं कुठल्या ड्रॉवरनं घ्यायचं? लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात आणि शेतात जेवायला बसतात. रस्त्यानं चाललेल्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीत बसवतात. भांडी त्या हिशेबाची असतात. किचनच्या कॅटलॉगातलं कुटुंब मात्र चौघांचं आहे आणि चौघांनाही भूक बेताची आहे.

वास्तुशास्त्राबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. आग्नेय आणि ईशान्य या दोन दिशांवर महाराष्ट्रात पुरेसा विनोद करून झालेला आहे.

माझी स्वतःची मागणी एकच होती आणि ती कुठल्याच कॅटलॉगात नव्हती. मला कोनाडा हवा होता.

आता कोनाड्याबद्दल जरा बोलू द्या. घरचे बोलू देत नाहीत. जुन्या माळवदाच्या घरात खोल्या कमी आणि कोनाडे फार. ढाळजेतून आत शिरलं की दाराशेजारचा पहिला कोनाडा चिमणीचा. त्याची कमान काजळीनं इतकी काळी की कुणाचं लेकरू दृष्टीला आलं की आजी तिथंच बोट फिरवून त्याच्या गालावर टिक्का लावायची. दुसरा आजोबांचा: चंची, चुन्याची डबी, अडकित्ता आणि कोर्टाच्या कागदांची सुरळी. हा दावा नेमका कशाचा होता हे आजोबांनाही शेवटी आठवत नव्हतं, पण सुरळी रोज पुसली जायची. माजघरात आजीचा: मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, फणी आणि फणीच्या खाली, दिसू नये पण सगळ्यांना माहीत असावा असा, चिंधीत बांधलेला पैसा. बाळंतिणीच्या खोलीतला कोनाडा वेखंडाचा, जायफळाचा, सहाणेचा. आम्हा पोरांच्या वाट्याला सगळ्यांत खालचा, मांजराच्या उंचीचा. त्यात चिंचोके, गोट्या आणि मांजर. आणि एक कोनाडा कुणाचाच नसलेला. किल्ली नसलेलं कुलूप, कुलूप नसलेली किल्ली, एका काडीचा चष्मा, अर्धी मेणबत्ती. आज आमच्या घरात याला 'टीव्हीखालचं ड्रॉवर' म्हणतात, पण त्याला ती प्रतिष्ठा नाही.

या कारभाराला एक अलिखित कायदा होता. दुसऱ्याच्या कोनाड्यात हात घालायचा नाही. त्या घरात कुणालाही स्वतंत्र खोली नव्हती, दाराला कडी लावून बसणं म्हणजे आजारी असणं. पण प्रत्येकाला भिंतीत हातभर जागा स्वतःची होती. आताच्या नकाशात मास्टर बेडरूम मालकाची असते, बाकीचे उरलेल्या जागेत. तिथं मात्र सासरहून परत आलेल्या आत्यालाही एक कोनाडा होता. तिचं सगळं जग त्यात मावायचं. यावर लोक 'केवढा तो साधेपणा' म्हणून हळवे होतात. तिला दुसरी जागाच नव्हती, एवढंच.

कोनाडा, बळद, माळवद या विषयांवर मी भाषणंही देतो. वाचनालयाचा वर्धापनदिन असो की कॉलेजचं गॅदरिंग, "माळवदाच्या घराला उन्हाळ्यात एसी लागत नसे" या वाक्याला हमखास टाळी पडते. अशा वेळी हॉलमध्ये एसी चालू असतो आणि मी त्याच्या बरोबर खाली उभा असतो.

तर मिस्त्रीला मी म्हटलं, "हॉलमध्ये इथं एक, इथं एक, आणि स्टडीत तीन कोनाडे काढा. कमानीचे." मिस्त्री पंचा झटकत म्हणाला, "सर, भिंत चार इंची हाय. हिच्यात कोनाडा काढलो तर पलीकडं खिडकी होतंय बघा."

"मग भिंत जाड करा."

"नऊ इंची करू. पण कार्पेट कमी होतंय." कार्पेट म्हणजे कार्पेट एरिया. हा शब्द आता गवंड्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

आई तिथंच बाजेवर तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोनाडा किती खोल असायचा रं?"

"असेल की हातभर."

"मग भिंत केवढी होती?"

आणि पुन्हा खडे वेचू लागली.

आईचं माहेर सास्तूर. तेव्हा ते आमच्याच उमरगा तालुक्यात होतं, आता लोहारा तालुक्यात आहे. तिथल्या वाड्याच्या भिंती दोन-अडीच फुटांच्या होत्या. आतून आणि बाहेरून दगडाचा एकेक पापुद्रा, मधे मातीची आणि गोट्यांची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आडवा दगड क्वचित. वर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी दरसाल नवी माती पडायची, बापानं टाकलेल्या मातीवर मुलगा टाकायचा. कुठं फूट, कुठं दोन फूट. माझ्या टाळीच्या वाक्यातला गारवा तो हाच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं उशिरा निजली होती. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यात मिळून सुमारे १०,००० माणसं गेली, बहुतेक आपापल्या घराखाली. थोरला मामा आणि मामी त्यांत होते. आमचं उमरग्यातलं घर भेगा पडून उभं राहिलं, पण आई त्यात पुन्हा निजली नाही. वडिलांनी ते उतरवलं आणि सिमेंटच्या तीन खोल्या घाईनं उभ्या केल्या. त्याच आता आम्ही वाढवतोय.

माझ्या एकाही भाषणाला आई आलेली नाही. गुडघे दुखतात, असं सांगते. त्याच गुडघ्यांनी ती तुळजापूरला जाऊन येते.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथं लाइफस्टाइल सातबाऱ्यावरून ठरली: भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर जमीन असेल तर ७५०. रस्ते शहरासारखे सरळ आणि इतके रुंद की शेजारणीला मारलेली हाक वाटेतच विरायची. काही गावांत घुमटासारखी गोल घरं झाली. भूकंपाला ती पक्की असतीलही, पण गोल भिंतीला कपाट टेकत नाही आणि रुखवताची पलंग-खुर्ची कुठं लावावी याचं उत्तर घुमटाकडं नसतं. चांगले हातही लागले. लातूर जिल्ह्यातलं बाणेगाव केरळच्या 'मलयाळ मनोरमा' दैनिकानं उभं करून दिलं, त्याचा आराखडा लॉरी बेकर यांचा. मामेभावाला ४०० चौरस फूट मिळालं. त्यानं पहिलं काम काय केलं असेल तर दारापुढं ओटा बांधला. मग ओट्यावर पत्रा घातला, पत्र्याखाली चूल मांडली, चुलीशेजारी म्हैस आणली आणि सरकारनं दिलेल्या संडासात कडबा भरला. इंजिनिअर पाहायला आला तेव्हा कुटुंब बाहेर राहत होतं आणि घर आत मोकळं होतं. "आत सामान हाय," मामेभाऊ म्हणाला.

आमच्या आर्किटेक्टचा जन्म या सगळ्यानंतरचा. त्यामुळं आईनं जेव्हा त्याला विचारलं, "चारी भिंतींवरनं लिंटेलला पट्टी फिरवलाव का? मधे कुठं तोडला न्हाईत ना?" तेव्हा तो चाटच पडला. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "सर, आजी सिव्हिलला होत्या का?" आमच्या भागात सत्तरीच्या पुढच्या कुठल्याही बाईला विचारा, नातवंडांची नावं चुकतील, लिंटेलच्या पट्टीची उंची चुकणार नाही.

मग कधी नव्हे ते आईनं आपली यादी सांगितली. तिच्या पलंगाच्या वर माळा नको, फळी नको, जड फोटोसुद्धा नको. कपाटावर ट्रंक ठेवायची नाही. पलंगापासून रस्त्यापर्यंत जायचं तर वाटेत वळण नको, अंधारात पायात येईल असं टीपॉय तर नकोच. नकाशात तिची खोली सगळ्यांत आत होती, 'शांतता मिळावी म्हणून'. "शांतता काय करायची?" ती म्हणाली. तीस वर्षांवर झाली, ती बाहेरच्या खोलीत दारापाशी निजते. दाराची वरची कडी लावू देते, खालची नाही. उशाशी बॅटरी असते आणि तिचे सेल ती संपायच्या आधी बदलते. मी हे रोज बघतो. आजवर ते मला म्हातारपणाचा हेका वाटत आलेलं आहे, आणि त्या मुलासमोर तिला हे सगळं बोलावं लागलं याचा मला भलताच राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. मी त्याच्यावरच खेकसलो, "लिहून घ्या की!"

त्यानं लिहून घेतलं. शहाणा मुलगा आहे. नव्या नकाशात आईची खोली दर्शनी आली, हॉल मागं सरकला, महालक्ष्म्यांची भिंत मोकळी झाली आणि टीव्ही बत्तीस इंचांवर आला. स्टडीचं नाव त्यानं सभ्यपणे 'मल्टिपर्पज' केलं. त्यात कोठ्या, गाद्या, ज्वारी, आंबिलाचं मडकं आणि खिडकीपाशी एक खुर्ची. खुर्चीवर मिटलेल्या सतरंज्या राहतील, असं बायकोनं आधीच सांगून ठेवलंय.

कोनाड्याची वाटाघाट सगळ्यांत लांबली. घरात एकही नाही, यावर आई ठाम. शेवटी तोडगा मिस्त्रीनं काढला: फाटकाशेजारी कंपाउंडची भिंत तशीही नऊ इंची, तिच्याखाली कुणी निजत नाही, तिच्यात एक काढू. आईनं जागेवर जाऊन भिंतीची उंची बघितली, मागचा खांब हातानं ठोकला आणि मंजुरी दिली. मिस्त्रीनं कमान मात्र देखणी उतरवली, शहाबादी फरशीचा तुकडा घासून तळाशी बसवला, आणि कमानीचे पैसे वेगळे लावले. मी पितळी समई काढून चिंचेनं घासायला बसलो. घासून, पुसून, फाटकापाशी येतो तो काय, वायरमननं कोनाड्याच्या मधोमध बोअरच्या मोटारीचा स्टार्टर बसवलेला!

"पावसात भिजत न्हाई सर इथं," तो म्हणाला, "आन् मॅडमच म्हणाल्या."

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "समई रोज लावणार कोण? मोटार रोज लावावी लागते." आईनं स्टार्टरला हळदीकुंकू लावलं आणि हिरवं बटण दाबून बघितलं. पाणी आलं.